रीबूट करून दाखव: आरएचसीएसएची घरच्या घरी तयारी

आरएचसीएसए ही लिनक्स या संगणक प्रणालीवर काम करणाऱ्यांची परीक्षा पाठांतराने सुटत नाही आणि नुसते व्हिडिओ बघून तर नाहीच नाही. रविवारी बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्याकडे लॅपटॉप घेऊन येणारा भाचा असो, नाहीतर मकरपुऱ्याच्या कारखान्यात माझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागलेली पोरं असोत, सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कोर्स कुठला लावू?" कुठलाही लाव, बाबा. फुकटचा लाव, विकतचा लाव. महिन्याभराने मी एवढंच म्हणणार आहे, की जे शिकलास ते मशीन रीबूट करून दाखव.

(कमांडी मी इथे बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी, आणि लहान-मोठं अक्षर सांभाळून.)

आधी परीक्षा कशी असते ते बघू. रेड हॅट या लिनक्स कंपनीची ही परीक्षा. पूर्ण नाव रेड हॅट सर्टिफाइड सिस्टम अॅडमिनिस्ट्रेटर, परीक्षेचा कोड ईएक्स २००. पर्याय निवडायचे प्रश्न नाहीत. समोर खरीखुरी लिनक्स मशिनं आणि कामांची यादी: अमुक युझर तयार करा, तमुक डिस्क जोडा, ही सर्व्हिस या पोर्टवर चालवा. इंटरनेट नाही, वही नाही, फोन नाही. मशीनमध्ये जी मॅन पानं (कमांडींची माहिती देणारी पानं) आणि कागदपत्रं आहेत तेवढीच सोबतीला. ३०० पैकी २१० गुण मिळाले की पास, आणि प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं. वेळ आवृत्तीप्रमाणे अडीच ते तीन तास असतो, बुकिंग करताना तो नक्की बघून घ्या.

कोणी म्हणेल, मग एलपीआयसी-१ ही लिनक्सचीच दुसरी परीक्षा का नको? तिथे दोन पेपर, प्रत्येकी ९० मिनिटं आणि ६० प्रश्न, ८०० पैकी ५०० ला पास. वाईट नाही. वाचनाची सवय असलेल्याला ती सोपी जाते. पण मी मुलाखतीला बसते तेव्हा समोरच्याने कधी अडकलेलं मशीन सोडवलंय का, हे मला हवं असतं. ते आरएचसीएसएवाल्याकडे निदान थोडं तरी असतं.

मशीन जमवणं

८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो, १६ असेल तर उत्तम. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाका, किंवा लॅपटॉपवर आधीच लिनक्स असेल तर केव्हीएम. दोन व्हर्च्युअल मशिनं (लॅपटॉपच्या आत चालणारे आभासी संगणक) करा, प्रत्येकी २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क. त्यातल्या एकाला ५-५ जीबीच्या दोन रिकाम्या डिस्का जास्तीच्या जोडा. याच डिस्कांची पुढे यथेच्छ मोडतोड करायची आहे.

रेड हॅटची स्वतःची प्रणाली शिकण्यासाठी फुकट मिळते. डेव्हलपर खातं उघडलं की एका माणसाला १६ मशिनांपर्यंत वापरता येते. नोंदणीची कटकट नको असेल तर अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स घ्या, सरावापुरता फरक जाणवत नाही. मात्र जुना लॅपटॉप विकत घेणार असाल तर थांबा. या प्रणालीची दहावी आवृत्ती प्रोसेसरकडून एक्स८६-६४-व्ही३ नावाची पातळी मागते. इंटेलच्या २०१३ सालच्या हॅसवेल पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर ती उभीच राहत नाही, आणि नंतरच्या कित्येक स्वस्त पेन्टियम-सेलेरॉनवरही नाही. दुकानदार "आय-५ आहे बेन" म्हणून गळ्यात मारतो, तेव्हा कितव्या पिढीचा ते विचारा. घरात जुनंच मशीन असेल तर अल्मालिनक्सने दहाव्या आवृत्तीची व्ही२, म्हणजे त्याखालच्या पातळीसाठीही वेगळी बांधणी काढली आहे, ती चालेल.

दोन्ही मशिनं तयार झाली की लगेच स्नॅपशॉट घ्या. काहीही बिघडलं तरी दोन मिनिटांत कोऱ्या पाटीवर येता आलं पाहिजे, नाहीतर भीतीपोटी कोणी काही मोडत नाही. आणि न मोडता ही परीक्षा होत नाही.

अभ्यासक्रमाची यादी

रेड हॅटच्या संकेतस्थळावर परीक्षेची उद्दिष्टं फुकट वाचायला मिळतात. ती छापून कपाटाच्या दारावर लावा. आपण कितव्या आवृत्तीची परीक्षा देणार ते आधी ठरवा, कारण यादी बदलते. नवव्या आवृत्तीत पॉडमनचे कंटेनर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायची पद्धत) होते, दहाव्यात ते काढून फ्लॅटपॅक (अॅप बसवायची एक पद्धत) आलं. आमच्याकडे एक मुलगा नवव्याचे व्हिडिओ बघत दहाव्याची तयारी करत होता आणि कंटेनरवर रात्री जागवत होता. ज्ञान वाया जात नाही हे खरं, पण फी भरलेली असताना हा शहाणपणा नको.

यादीतल्या मुद्द्यासमोर बरोबरची खूण कधी करायची? व्हिडिओ संपला की नाही. काहीही न बघता ते काम केलं, मशीन रीबूट केलं आणि तरी ते जागच्या जागी राहिलं, तेव्हा.

सगळ्या मुद्द्यांना सारखा वेळ देऊ नका. फाइली हलवणं, टार, ग्रेप, फाइंड, परवानग्या, व्हीआय, युझर आणि ग्रुप, पासवर्डची मुदत ठरवणारं चेज, क्रॉन, हे सगळं रोज हात फिरवला की बसतं. त्यावर प्रवचन नको. खरी मारामारी तीन ठिकाणी होते: डिस्क, एसईलिनक्स (लिनक्समधली सुरक्षाव्यवस्था), आणि रीबूटनंतर टिकणं. तिसऱ्यापासून सुरू करते.

आत्ता चालतंय आणि उद्याही चालेल

रेड हॅटच्या यादीतच स्पष्ट लिहिलंय की केलेलं काम रीबूटनंतर कोणी हात न लावता तसंच टिकलं पाहिजे. आणि लिनक्समध्ये जवळपास प्रत्येक गोष्टीच्या दोन आवृत्त्या असतात, एक आत्ताच्या चालू स्थितीतली आणि एक कायमची.

सिस्टमसीटीएल स्टार्ट म्हटलं की सर्व्हिस आत्ता चालू होते. उद्या चालू व्हायला इनेबल लागतं. म्हणून बोटांना पहिल्या दिवसापासून इनेबल --नाऊ असंच वळण लावा, दोन्ही एकदम होतात. फायरवॉल-सीएमडीने पोर्ट उघडलं आणि --परमनंट लिहिलं नाही, तर रीबूटबरोबर दार बंद. उलट --परमनंट लिहिलं आणि --रीलोड केलं नाही, तर दार आत्ता बंदच, आणि माणूस अर्धा तास वेब सर्व्हरमध्ये चूक शोधत बसतो. आयपी कमांडीने दिलेला पत्ता रीबूटला उडतो, एनएमसीएलआयने कनेक्शनमध्ये लिहिलेला राहतो. सेटसीबूलला मोठा पी लावला नाही तर तेही उडालं. हाताने माउंट केलेली डिस्क उडाली. स्वॅपऑनने चालू केलेला स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) उडाला.

म्हणून सराव असा करा. रोज संध्याकाळी चार-पाच कामं स्वतःलाच लिहून द्या. करा. मग मशीन रीबूट करून चहा घ्या. परत आल्यावर प्रत्येक काम तपासा, आणि तपासायचंही आठवणीने नाही, कमांडीने: सिस्टमसीटीएल इज-इनेबल्ड, फायरवॉल-सीएमडी --लिस्ट-ऑल, फाइंडमाउंट, स्वॅपऑन --शो. भाच्याने पहिल्यांदा असं केलं तेव्हा निम्मी कामं गायब. "मावशी, मगाशी चालत होतं!" असेल ना. मगाशीचे गुण कोणी देत नाही.

डिस्क

इथे लोक घाबरतात, आणि कारण आहे. बाकी चुका एका कामाचे गुण खातात. एफस्टॅबमधली (बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमधली) चूक मशीनच उठू देत नाही, आणि न उठलेल्या मशीनवरची सगळी कामं तपासायला कोणी येत नाही.

एक गणित देते, हेच आलटून पालटून करा. रिकाम्या डिस्कवर २ जीबीचं पार्टिशन करा. त्यावर व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे पुढे हवी तशी वाटता येणारी जागा; एक्स्टेंटचा, म्हणजे तिच्या एका तुकड्याचा, आकार १६ एमबी. व्हीजीक्रिएटला लहान एस लावून तो देतात. मग ५० एक्स्टेंटचं लॉजिकल व्हॉल्यूम, म्हणजे ८०० एमबी. एलव्हीक्रिएटला एक्स्टेंट मोजायचे असतील तर लहान एल, एमबी-जीबीत आकार सांगायचा असेल तर मोठा एल. या एका अक्षरावर माणसं अडखळतात. त्यावर ईएक्सटी४ टाका, एका फोल्डरवर जोडा, एफस्टॅबमध्ये यूयूआयडीने (फाइलसिस्टमच्या ओळखक्रमांकाने) नोंदवा, रीबूट करा. उठलं? आता तेच व्हॉल्यूम १२०० एमबी करा, आतली फाइल पुसू न देता. एलव्हीएक्स्टेंडला लहान आर लावला की फाइलसिस्टमही सोबतच वाढते, नाहीतर भांडं मोठं आणि आतली जागा तेवढीच. मग तेच सगळं एक्सएफएसवर. एक्सएफएस वाढवता येते, आकसवता येत नाही, हे लक्षात असू द्या. दुसऱ्या डिस्कवर स्वॅप करा आणि तोही एफस्टॅबमध्ये घाला.

एफस्टॅबला हात लावल्यावर रीबूटच्या आधी तीन गोष्टी, कधीही न चुकता: सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड, मग माउंट -ए, मग फाइंडमाउंट --व्हेरिफाय. तक्रार आली तर ती आत्ताच आलेली बरी.

आता उलटं करा. एफस्टॅबमधल्या यूयूआयडीचं एक अक्षर मुद्दाम चुकवा आणि रीबूट करा. मशीन दीडेक मिनिट त्या न मिळणाऱ्या डिस्कची वाट बघेल आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड मागेल. आत शिरा, ती ओळ दुरुस्त करा, पुन्हा रीबूट. घरी दहा वेळा असं मशीन पाडलं आणि उठवलं असेल, तर परीक्षेत तो काळा पडदा बघून छातीत धस्स होत नाही. आमच्या कारखान्यात रात्रपाळीला सर्व्हर उठला नाही म्हणून फोन येतो, तेव्हाही निम्म्या वेळा कोणीतरी काढून नेलेल्या डिस्कची एफस्टॅबमधली ओळच निघते.

एसईलिनक्स

बहुतेक व्हिडिओंत दुसऱ्याच मिनिटाला सांगतात, की आधी एसईलिनक्स बंद करून टाका. तो व्हिडिओ तिथेच बंद करा. परीक्षेत ते चालू ठेवूनच काम करता आलं पाहिजे, आणि चांगल्या नोकरीतही.

एसईलिनक्स प्रत्येक फाइलवर, पोर्टवर, प्रक्रियेवर एक चिठ्ठी लावतं आणि कोणाला कशाला हात लावता येईल ते चिठ्ठीवरून ठरवतं. सासूबाईंच्या फडताळात साखरेची चिठ्ठी लावलेल्या डब्यात मीठ भरलं तर चहाचं काय होईल ते सांगायला नको. तसंच, एमव्हीने हलवलेली फाइल जुन्या जागेची चिठ्ठी घेऊनच नव्या जागी येते, सीपीने केलेली प्रत नव्या जागेची चिठ्ठी घेते. घरच्या फोल्डरमधलं वेबपान एमव्हीने वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकलं, परवानग्या सगळ्या बरोबर, तरी पान दिसत नाही. एलएसला मोठा झेड लावून चिठ्ठी बघा, रिस्टोरकॉन चालवा, दिसायला लागेल.

दुसरा व्यायाम: एचटीटीपीडी हा वेब सर्व्हर ८० ऐवजी ३१३१ पोर्टवर चालवा. सुरूच होणार नाही, परवानगी नाकारली म्हणेल. सेमॅनेज पोर्टने ३१३१ ला एचटीटीपी_पोर्ट_टी ही चिठ्ठी लावा, सर्व्हिस सुरू करा. तरी दुसऱ्या मशीनवरून पान दिसत नाही? फायरवॉल राहिली. छोट्या इन्स्टॉलेशनवर सेमॅनेज कमांडच सापडत नाही, तेव्हा डीएनएफ प्रोव्हाइड्सला विचारा, पॅकेजचं नाव तो सांगतो. ते लांबलचक नाव पाठ करायची गरज नाही.

मॅन पानांत शोधता येणं

तयारीच्या शेवटच्या महिन्यात सराव करताना वायफाय बंद. गुगल नाही, चॅटबॉट नाही. पॅकेजं टाकायला इन्स्टॉलेशनची आयएसओ फाइल मशीनला जोडून तिचीच रेपो (पॅकेजं मिळायची जागा) करा, तोही अभ्यासक्रमातलाच भाग आहे.

मॅनला लहान के लावून शब्द दिला की त्या विषयाची सगळी पानं मिळतात. नव्या मशीनवर काहीच मिळालं नाही तर रूट होऊन एकदा मॅनडीबी चालवा. पान वरून खाली वाचत बसू नका. मोठा जी दाबून तळाशी जा, उदाहरणं बहुधा तिथे असतात. सेमॅनेज-पोर्ट आणि सेमॅनेज-एफकॉन्टेक्स्टच्या पानांवर हव्या त्या ओळी जवळपास तयार मिळतात, पोर्टचा नंबर आणि फोल्डर बदलायचा फक्त. एनएमसीएलआय-एक्झाम्पल्स नावाचं स्वतंत्र पानच आहे. क्रॉनटॅबचं पाचव्या विभागातलं पान बघा, पहिल्या विभागात वेळ लिहायची पद्धत सापडणार नाही.

रूटचा पासवर्ड

विसरलेला रूट पासवर्ड बदलणं डोळे मिटून आलं पाहिजे. बूट होताना ग्रबच्या यादीवर ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी आरडी.ब्रेक लिहा, कंट्रोल-एक्स. मग /सिसरूट लिहिण्याजोगं पुन्हा माउंट करा, सीएचरूट करून आत जा, पासवर्ड बदला, आणि बाहेर पडण्याआधी मुळाशी .ऑटोरीलेबल नावाची रिकामी फाइल करा. ही फाइल विसरली तर एसईलिनक्सची चिठ्ठी चुकीची राहते आणि नवा पासवर्ड बरोबर असूनही आत घेतलं जात नाही. आरडी.ब्रेकने जमलं नाही तर इनिट=/बिन/बॅशची वाटही येऊ द्या. दोन्ही वाटा आठवड्यातून एकदा चालून या. चिठ्ठ्या पुन्हा लावायला मशीनला वेळ लागतो, तेव्हा मध्येच बंद करू नका.

वेळ, घर आणि बडोदं

नोकरी सांभाळून रोज दीड तास, आणि सुट्टीच्या दिवशी सलग तीन तास परीक्षेसारखी बैठक, असं चार महिने केलं तर माझ्या अंदाजाने पुरतं. आधी लिनक्स अजिबात पाहिलं नसेल तर सहा धरा. मी पहाटेच्या बाजूची. संध्याकाळी कारखान्याची बस उतरल्यावर डोकं चालत नाही, आणि घरात मालिका लागलेल्या असतात.

परीक्षेची तारीख मात्र पंचांग बघून घ्या, थट्टा नाही. नवरात्रात बडोद्यात रात्री गरबा आणि सकाळी डोकं जड. गणपतीत आमच्या बाजारात ढोल. उत्तरायणाच्या आसपास गच्चीवरून गेलेल्या इंटरनेटच्या केबलचा मांज्यापुढे काही भरवसा नसतो. वासी उत्तरायण झालं की पुढचे दोन-तीन आठवडे उत्तम, हवाही बरी.

घरून परीक्षा द्यायची तर रेड हॅटची ठरलेली पेनड्राइव्ह तयार करून लॅपटॉप तिच्यावरूनच सुरू करावा लागतो. वायरचा वेगळा कॅमेरा लागतो, कारण परीक्षकाला टेबल, हात आणि पडदा बाजूने दिसायला हवा. जुळतंय का ते तपासायची सोय तिथेच असते, ती आठ दिवस आधी चालवून बघा, आदल्या रात्री नको. शक्यतो वायफाय नको, केबल लावा. टेबलावर काही नको, दुसरा पडदा नको, खोलीत कोणी येता कामा नये. एकत्र कुटुंबात ही शेवटची अट सर्वांत अवघड. दाराला आतून कडी लावा, मोलकरणीला, कुरियरला आणि "चहा ठेवू का गं?" विचारणाऱ्या आत्याबाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

आणखी एक, गुजरातेत राहणाऱ्यांसाठी. आपल्याकडच्या बऱ्याच कागदांवर आडनाव आधी असतं, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. खातं उघडताना ओळखपत्रावर आहे तसंच नाव लिहा. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी तर हे आधीच बघावं.

"आलेले प्रश्न" म्हणून पीडीएफ विकणारे भेटतील. परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर न सांगण्याचा करार करावा लागतो, त्यामुळे ते विकणारा एकतर तो मोडतो आहे किंवा थापा मारतो आहे. नादी लागू नका.

परीक्षेच्या वेळी

पहिली पाच-सात मिनिटं सगळी यादी वाचा, हात लावू नका. ज्यावर बाकी सगळं अवलंबून आहे ते आधी: मशीनमध्ये शिरणं, नेटवर्क, होस्टनेम, रेपो. मग येणारी कामं झपाझप. अडलेल्या कामावर दहा मिनिटांहून जास्त अडून राहू नका, पुढे जा. नावं आणि मार्ग प्रश्नात दिले आहेत तसेच लिहा, तिथे आपलं वळण चालत नाही.

शेवटची पंचवीस मिनिटं राखून ठेवा. सगळी मशिनं रीबूट करा आणि यादी पहिल्यापासून पुन्हा तपासा. यानंतर एफस्टॅबला हात लावलात तर आणखी एक रीबूट करायचाच.

निकाल साधारण तीन कामाच्या दिवसांत ईमेलने येतो, अमेरिकेचे कामाचे दिवस धरून, म्हणजे शुक्रवारी दिली तर शनिवार-रविवार मेल उघडून बघत बसू नका. त्यात प्रत्येक विभागात किती टक्के मिळाले ते दिलेलं असतं. २१० च्या खाली राहिलात तर ती टक्केवारी कपाटाच्या दारावरच्या यादीशेजारी चिकटवा, सर्वांत कमी विभाग घ्या, आणि त्याच स्नॅपशॉटवरून पुन्हा सुरू करा.